आतड्याची पिशवी आणि तिची दुखणी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांवर दरवर्षी चांगले लेख येतात. यंदा मी एका आडवाटेच्या विषयावर लिहिण्याची परवानगी संपादकांकडून मागून घेतली. मोठे आतडे काढून टाकल्यावर लहान आतड्याचीच पिशवी शिवून ती गुदद्वाराशी जोडलेला रुग्ण इंदुरात आपल्यापैकी एखाद्याच्या दवाखान्यात वर्षाकाठी एकदा-दोनदाच येतो. त्याची शस्त्रक्रिया मुंबईला, दिल्लीला किंवा अहमदाबादला झालेली असते. बिघाड मात्र इथे होतो, तोही रात्री, आणि तो रुग्ण आधी आपल्याकडेच येतो. असे रुग्ण विरळ असल्यामुळे आपल्या हातून चुका होतात. त्यांतली एक चूक माझी स्वतःची आहे, म्हणून तिच्यापासूनच प्रारंभ करतो. रुग्णाची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

२०१७ च्या पावसाळ्यात माळव्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एक तिशीतल्या शिक्षिका आल्या. अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी दोन वर्षांपूर्वी त्यांचे मोठे आतडे काढले होते, पिशवी केली होती, आणि पहिले वर्ष बरे गेले होते. आता दिवसाला अठरा-वीस वेळा शौचाला जावे लागे, दर वेळी थोडेसेच होई, रात्री झोप नव्हती, वजन अडतीस किलोवर आलेले. ‘पाउचायटिस’ म्हणजे पिशवीचा दाह, असे निदान आधी दोन ठिकाणी झाले होते आणि मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या चालू होत्या. सासूबाई शेजारी उभ्या होत्या, बाहेर गर्दी होती, बाई संकोचून बसल्या होत्या. मी कागद वाचले, पोट दाबून पाहिले, मेट्रोनिडाझोलच्या जोडीला सिप्रोफ्लॉक्सासिन लिहून दिले आणि त्यांना परत पाठवले. गुदपरीक्षण केले नाही.

सात आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या. शौचाच्या तक्रारीत काडीचा फरक नव्हता. उलट नवी तक्रार होती: ‘‘डॉक्टर, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही.’’ मेट्रोनिडाझोल चार आठवड्यांपेक्षा अधिक काळ दिले की मज्जातंतूंना इजा होऊ शकते, हे मला ठाऊक होते. पण गोळ्या चालूच राहिल्या होत्या आणि त्या थांबवण्याची जबाबदारी कोणीच आपली मानली नव्हती. त्या दिवशी परिचारिकेला बोलावून पडद्याआड तपासले. जोडाच्या जागी करंगळीचे टोकही आत जात नव्हते. पिशवीला दाह नव्हताच असे नाही, परंतु तो साचलेल्या मलामुळे आलेला होता. मूळ रोग होता जोडाचा संकोच. भूल देऊन हेगारच्या सळयांनी तो हळूहळू रुंद केला, तेव्हा पिशवी रिकामी व्हायला बराच वेळ लागला. आठवड्याभरात शौचाची संख्या सातावर आली. तळपायांची बधिरता मात्र कमी व्हायला दीड वर्ष लागले, आणि ती पूर्ण गेली असे त्या आजही म्हणत नाहीत.

आता मुळापासून पाहू. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा पाश्चात्त्यांचा रोग अशी आपली समजूत होती. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पंजाबातील घरोघरच्या पाहणीत लाखामागे सुमारे ४४ रुग्ण आढळले आणि ती समजूत मागे पडली. बहुतेकांचा रोग औषधांनी आटोक्यात राहतो. ज्यांचा राहत नाही, किंवा ज्यांच्या आतड्यात कर्करोगपूर्व बदल दिसतात, त्यांचे मोठे आतडे आणि गुदाशय काढावे लागते. ज्या घराण्यांत आतड्यात शेकड्यांनी पॉलिप उगवतात, त्या आनुवंशिक रोगातही हीच शस्त्रक्रिया करतात. पूर्वी याचा अर्थ आयुष्यभर पोटावर इलिओस्टॉमी, असाच होता. १९६९ मध्ये स्वीडनच्या नील्स कॉक यांनी पोटाच्या आतच लहान आतड्याची पिशवी करून ती नळीने रिकामी करण्याची युक्ती काढली. १९७८ मध्ये लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील सर ॲलन पार्क्स आणि जॉन निकोल्स यांनी अशी पिशवी थेट गुदद्वाराशी जोडली. त्यांची पिशवी तीन पदरांची होती आणि ती रिकामी करण्यासाठी कित्येक रुग्णांना नळी घालावी लागे. १९८० मध्ये जपानच्या उत्सुनोमिया यांनी दोन पदरांची, इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकाराची पिशवी सुचवली. करायला सोपी आणि आपोआप रिकामी होणारी असल्याने तीच आज सर्वत्र रूढ आहे.

लहान आतड्याचा शेवटचा तीस-चाळीस सेंटिमीटरचा भाग दुमडून, दोन्ही पदर स्टेपलरने एकत्र करून ही पिशवी बनते. ती गुदद्वाराच्या वर जोडताना मूळ गुदाशयाची एक-दोन सेंटिमीटरची पट्टी बहुधा शिल्लक ठेवतात. ही पट्टी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे. जोड भरून येईपर्यंत दोन-तीन महिने पोटावर तात्पुरती इलिओस्टॉमी असते. ती बंद केल्यावर पिशवी हळूहळू सैलावते, आणि वर्षभरात दिवसाला पाच-सहा वेळा व रात्री फार तर एकदा शौच, अशी घडी बसते. ‘दिवसाला सहा वेळा’ ऐकून आपण अतिसाराचे औषध लिहायला घेतो. या माणसाच्या दृष्टीने ते आरोग्यच असते. म्हणून पहिला प्रश्न ‘किती वेळा होते?’ हा नसून ‘तुमच्या नेहमीच्यापेक्षा किती वाढले?’ हा असावा.

इलिओस्टॉमी असतानाचे दोन-तीन महिने आपल्या हवामानात विशेष धोक्याचे. इंदूर-ग्वाल्हेरच्या मे महिन्यात असा रुग्ण तहानेने साधे पाणी पीत राहतो, पोटावरच्या पिशवीतून ते तसेच बाहेर पडते, जाताना शरीरातले मीठ घेऊन जाते, आणि चार दिवसांत मूत्रपिंडे संपावर जातात. दिवसाला दीड-दोन लिटरच्या वर स्राव जाऊ लागला की साधे पाणी, चहा, सरबते आणि उसाचा रस कमी करून जलसंजीवनी वाढवायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार तिच्यात लिटरमागे ७५ मिलिमोल सोडियम असते. फळांच्या डबाबंद रसात ते नसल्यासारखेच. घरच्या ताकात किंवा पेजेत मीठ घालून दिले तर रुग्ण ते आनंदाने घेतो. फक्त रक्तदाबाच्या भीतीने घरच्यांनी त्याचे मीठ तोडलेले नाही ना, हे एकदा विचारून घ्यावे.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतली सर्वांत घातक गुंतागुंत म्हणजे जोडातून गळती होऊन ओटीपोटात पू होणे. अनुभवी केंद्रांतही ५ ते १५ टक्के रुग्णांत ती आढळते. ताप, नाडीचा वेग, कमरेच्या खालच्या बाजूस किंवा आसनाच्या जागी ठसठस, सारखी शौचाची भावना, लघवी अडकणे, पोट फुगून राहणे, यांतले काहीही एकटे आले तरी संशय घ्यावा. यातले बरेच रुग्ण स्टिरॉइडवर असतात. त्यांना ताप येतोच असे नाही, नुसती नाडी ११० असते. सीटी स्कॅनने निदान होते. पू नळीवाटे बाहेर काढणे हे तज्ज्ञाचे काम; आपले काम एवढेच की मलेरियाची तपासणी आणि टायफॉइडचे इंजेक्शन यांत चार दिवस घालवू नयेत. पू वेळेवर निघाला तर पिशवी वाचते. उशीर झाला तर भोवतीचा भाग घट्ट होऊन पिशवी पुढे कधीच नीट ताणली जात नाही. याच काळात पोट दुखते, पांढऱ्या पेशी वाढतात आणि पू मात्र कुठे सापडत नाही, असे असल्यास यकृताकडे जाणाऱ्या शिरेत गुठळी झाली आहे का, हे त्याच सीटीत पाहायला सांगावे.

आतडे अडकण्याचा प्रकार पहिल्या महिन्यापासून विसाव्या वर्षापर्यंत केव्हाही घडू शकतो. बहुतेक वेळा चिकटलेल्या पडद्यांमुळे तो होतो आणि नाकातून नळी, शिरेतून द्रव व धीर यांनी सुटतो.

आता पिशवीचा दाह, म्हणजे पाउचायटिस. कोलायटिससाठी शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे निम्म्या रुग्णांना तो आयुष्यात केव्हातरी होतो, पॉलिपच्या रोगातल्या रुग्णांना मात्र क्वचित. पिशवी तीच, शस्त्रक्रिया तीच. तरी हा फरक पडतो. याचा अर्थ मूळ रोगाची प्रवृत्ती पिशवीतही शिल्लक राहते आणि पिशवीत साचणाऱ्या जिवाणूंमुळे ती पुन्हा जागी होते. पित्तनलिकांचा प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलॅन्जायटिस असलेल्यांना धोका अधिक. शौचाची संख्या वाढते, घाई होते, पोटात मुरडा येतो, रात्री कपडे खराब होतात. रक्त सहसा फार नसते. पण हीच लक्षणे संकोचातही असतात, शिल्लक पट्टीच्या दाहातही असतात, आणि पिशवी पूर्णपणे निरोगी असलेल्या रुग्णातही असू शकतात. म्हणून केवळ लक्षणांवरून पाउचायटिस म्हणणे ही निम्मीच तपासणी झाली.

दुर्बिणीने पिशवी पाहणे अवघड नाही. सिग्मॉइडोस्कोपी करणारा कोणीही ते करू शकतो. सूज, सहज रक्त येणे, पांढुरका स्राव, व्रण हे सर्व पाहावे. स्टेपलच्या रेषेवर दिसणाऱ्या बारीक खरवडी मोजायच्या नाहीत, तिथे त्या असतातच. दुर्बीण पिशवीच्या पुढे, वरच्या आतड्यातही न्यावी आणि दोन्ही ठिकाणचे तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत पाठवावेत. एकाच बाटलीत सगळे घातले तर पॅथॉलॉजिस्टला काहीच सांगता येत नाही, आणि ही तक्रार आपल्या मंडळातले पॅथॉलॉजिस्ट माझ्याकडे अनेकदा करतात. १९९४ मध्ये सँडबॉर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्षणे, दुर्बिणीतले चित्र आणि सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र यांना प्रत्येकी सहा असे अठरा गुण देण्याची पद्धत मांडली. सात किंवा अधिक गुण म्हणजे पाउचायटिस. रोजच्या व्यवहारात गुण मोजले नाहीत तरी चालेल, पण या तिन्ही अंगांचा विचार व्हावा. दुर्बीण लगेच शक्य नसेल तर विष्ठेतील कॅल्प्रोटेक्टिनची तपासणी उपयोगी पडते. ते नेहमीसारखेच निघाले तर दाहाची शक्यता कमी.

पहिल्या झटक्याचा उपचार सोपा आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा किंवा मेट्रोनिडाझोल, चौदा दिवस. दोन्हींत पहिले औषध रुग्णांना अधिक सोसते. तोंडाला धातूची चव, मळमळ, हातापायांना मुंग्या हा सारा मेट्रोनिडाझोलचा हिशेब. चांगला रुग्ण तीन-चार दिवसांतच ‘आराम पडला’ म्हणतो. दोन आठवडे झाले आणि आराम नाही, तर तेच औषध पुढे ढकलायचे नाही. माझी चूक नेमकी इथली.

अशा वेळी मनात एक क्रम असावा. आधी बोटाने तपासणी. मग रुग्णाने आपणहून घेतलेल्या गोळ्यांची चौकशी: गुडघे किंवा डोके दुखते म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन ही पिशवीच्या दाहाची मोठी छुपी कारणे आहेत, आणि रुग्ण त्यांना ‘औषध’ समजत नसल्यामुळे सांगत नाही. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. नंतर विष्ठेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलीचे विष. दीर्घकाळ प्रतिजैविके घेतलेल्यांत ते शोधलेच पाहिजे. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील तर तुकड्यात सायटोमेगॅलो विषाणू शोधायला सांगावे. पिशवीच्या मागे जुना पू दडून बसला असेल तर त्याच्या संगतीने पिशवी लाल दिसते. एमआरआय तो दाखवतो.

आपल्या देशात या यादीत क्षयरोगाची भर घालावी लागते. लहान आतड्याचा शेवटचा भाग हे क्षयाचे आवडते ठिकाण आणि पिशवी बनते ती तिथूनच. वरच्या आतड्यात व्रण दिसले, तुकड्यात ग्रॅन्युलोमा आला, की पाश्चात्त्य पुस्तक म्हणते ‘क्रोन्स’; इथे मात्र तुकडा कल्चर आणि जीन-एक्सपर्टसाठीही पाठवावा. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधे क्षयजंतूंनाही अंशतः दाबतात. त्यामुळे ‘सिप्रो घेतले की थोडे बरे, सोडले की पुन्हा तेच’ हे दोन्ही रोगांत घडू शकते, आणि क्षयाचे निदान मागे पडते. बायोलॉजिक औषधांपूर्वी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी का करायची, हे निराळे सांगायला नको.

वारंवार होणाऱ्या दाहासाठी मार्ग वेगळे आहेत. काहींना अल्प मात्रेत प्रतिजैविक चालू ठेवावे लागते. २००० साली बोलोन्याच्या जिओनचेट्टी यांनी आठ जातींच्या जिवाणूंचे मिश्रण वापरून केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला: प्रतिजैविकांनी शांत झालेल्या चाळीस रुग्णांपैकी वीस जणांना मिश्रण दिले, वीस जणांना नुसती भुकटी. नऊ महिन्यांत भुकटीवाल्या सर्वांचा दाह उलटला, मिश्रणवाल्यांपैकी फक्त तिघांचा. रुग्ण हे कुठेतरी वाचतात आणि ‘मग दही चालेल का?’ असे विचारतात. दही जरूर खावे, पण त्यात ती जात, ती संख्या नसते. दुकानातल्या प्रत्येक ‘प्रोबायोटिक’ कॅप्सूलबद्दलही तेच. प्रतिजैविकांना दादच न देणाऱ्या रुग्णांसाठी ब्युडेसोनाइड आणि त्यापुढे बायोलॉजिक औषधे आहेत. त्यांपैकी व्हेडोलिझुमॅबला २०२२ मध्ये युरोपात खास या रोगासाठी मान्यता मिळाली. ही औषधे महाग आहेत आणि ती सुरू करण्याचा निर्णय पोटविकारतज्ज्ञाचाच असावा.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली पट्टी आता. ताजे लाल रक्त आणि घाई ही तक्रार प्रामुख्याने असेल, तर दाह पिशवीचा नसून त्या शिल्लक गुदाशयाचा असण्याची शक्यता मोठी. तो जुना कोलायटिसच आहे. मेसालाझिनच्या गुदवर्ती रात्री ठेवल्या की बहुतेकांना आराम पडतो. प्रतिजैविके इथे व्यर्थ.

इलिओस्टॉमी बंद झाल्यावर वर्षभराने किंवा त्याहूनही उशिरा गुदद्वाराजवळ नवे भगंदर उघडले, किंवा स्त्रीरुग्णाला योनिमार्गातून वारा जाऊ लागला, तर मूळ निदानाचाच फेरविचार करावा: रोग आधीपासून क्रोन्स होता का? अशा भगंदराला स्थानिक पातळीवर चीर देण्याचा मोह आवरावा. या रुग्णांचे पातळ शौच रोखून धरणारा स्नायू हेच त्यांचे भांडवल असते.

दुर्बीण निरोगी, तुकडे निरोगी, बोट सहज आत जाते, आणि तरी त्रास आहे, असेही रुग्ण असतात. त्यांना मनाचा आजार म्हणून वाटेला लावू नये. लोपेरामाइड, मुरडा शमवणारी औषधे आणि रात्री अल्प मात्रेत ॲमिट्रिप्टिलीन यांनी बऱ्याच जणांची घडी बसते. जेवण रात्री नऊऐवजी साताला करणे हा बिनपैशाचा उपाय अनेकदा गोळीपेक्षा सरस ठरतो. भात, पेज, साबुदाणा, केळे यांनी शौच घट्ट होते. उसळी आणि कोबीने वायू होतो. इंदुरी माणसाला शेव सोडा म्हणणे कठीण, पण तिखट जसे आत जाते तसेच बाहेर येते आणि आधीच सोललेली त्वचा भाजते. धुतल्यावर कापडाने टिपून झिंक ऑक्साइडचे मलम लावावे.

स्त्रीरुग्णांच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ओटीपोटातील चिकटण्यामुळे या शस्त्रक्रियेनंतर गर्भधारणेची शक्यता कमी होते. लॅपरोस्कोपीने केलेल्या शस्त्रक्रियेत हा परिणाम कमी दिसतो. कमी होते, संपत नाही, आणि गरज पडल्यास कृत्रिम गर्भधारणेचा मार्ग खुला असतो. मुलीचे लग्न ठरत असताना पालक हे सारे लपवण्यासाठी आपला सल्ला घेतात. मी त्यांना सांगतो की जखमेची खूण लपत नाही आणि रात्रीचे उठणेही लपत नाही. तेव्हा मुलीला आणि होणाऱ्या जावयाला एकत्र माझ्याकडे पाठवा, मी कागदावर चित्र काढून समजावतो. आजवर तीन जोडपी आली. तिन्ही लग्ने झाली.

पॉलिपच्या रोगातल्या रुग्णाची पिशवी दरवर्षी दुर्बिणीने पाहावी, कारण पॉलिप तिथेही उगवतात, आणि जठराच्या पुढचे ड्युओडेनमही पाहण्यास विसरू नये. कोलायटिसच्या रुग्णांत ज्यांना पूर्वी कर्करोग किंवा कर्करोगपूर्व बदल होते, किंवा पित्तनलिकांचा तो रोग आहे, त्यांचीही तपासणी वार्षिक असावी. सर्वांचेच हिमोग्लोबिन, लोह, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व वर्षातून एकदा मोजावे. मूतखडा झाल्यास तो युरिक ॲसिडचा असण्याचा संभव ध्यानात घ्यावा.

शंभरांतील पाच-दहा जणांची पिशवी शेवटी निकामी ठरते, आणि काढावी किंवा बाजूला टाकून कायमची इलिओस्टॉमी करावी लागते. असे दोन रुग्ण मी पाहिले. दोघांनीही निर्णय घ्यायला तीन-तीन वर्षे लावली, आणि झाल्यावर दोघांचे वजन वाढले. त्यांतला एक पुन्हा ट्रक चालवतो.

त्या शिक्षिकाबाईंचा जोड पुढे दोनदा रुंद करावा लागला. आता त्या वर्षातून एकदा, शाळेला उन्हाळ्याची सुटी लागली की, येतात. माझ्या सांगण्यावरून त्यांनी शस्त्रक्रियेच्या टिपणाची छायाप्रत प्लास्टिकमध्ये बंद करून पर्समध्ये ठेवली आहे. पिशवीचा प्रकार, जोड हाताने शिवला की स्टेपलरने, शिल्लक पट्टी किती, आणि ज्यांचे सोसत नाही त्या औषधाचे नाव, एवढे त्यावर लिहिलेले आहे. त्या औषधाच्या नावाखाली त्यांनी स्वतःच लाल पेनने रेघ मारली आहे.